धानाच्या बांधीत मेंढ्या

न्यूझीलंडहून आलेल्या भाच्याने मला रोटोरुआतल्या मेंढ्यांच्या फार्मचे फोटो दाखवले. तिकीट काढायचं, बाकावर बसायचं, समोर मंचावर एक दणकट गडी मेंढी धरून बघता बघता तिची सगळी लोकर उतरवतो, कुत्रा शिट्टीवर धावतो आणि शेवटी कोकराला बाटलीने दूध पाजायला मिळतं. १९८२ साली त्या देशात सात कोटी मेंढ्या होत्या, म्हणजे माणशी बावीस. आता माणशी पाचाच्या आसपास उरल्यात, हेही त्यानेच सांगितलं. मग म्हणाला, "मावशी, आपल्या गोंदियात असा एखादा फार्म असेलच ना? एका दिवसात जाऊन येऊ."

मी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणजे पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले आमचे शेजारी. ते आधी मनसोक्त हसले. "बाई, हा धानाचा जिल्हा आहे. म्हशी विचारा, शेळ्या विचारा, तलावातली मासोळी विचारा. मेंढ्यांचा फार्म बघायचा असेल तर रामटेक तालुक्यात बोंद्रीला जा. महामंडळाचा आहे." महामंडळ म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ, १९७८ पासून चालू आहे. त्याची प्रक्षेत्रं सांगलीच्या रांजणीपासून अमरावतीच्या पोहऱ्यापर्यंत पसरलेली आहेत, पण वैनगंगेच्या अलीकडे, आमच्या बाजूला एकही नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सत्तावीस लाखांच्या घरात मेंढ्या निघाल्या. त्यातल्या बहुतेक सगळ्या नगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगलीच्या कोरड्या माळावरच्या.

इकडे का नाहीत, याचं उत्तर मेंढीच्या खुरात आहे. तिला कोरडी जमीन लागते. आमच्याकडे वर्षाला सव्वा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जो पडतो तो वाहून जाऊ न देता बांधीत अडवून ठेवायचा, हीच इथली शेती. धानाच्या वाफ्याला आमच्या झाडीपट्टीत बांधी म्हणतात. आषाढापासून अश्विनापर्यंत त्या पाण्याने भरलेल्या असतात. अशा चिखलात मेंढी चार महिने उभी राहिली की खूर सडतात. त्याहून वाईट म्हणजे बांधीतल्या गोगलगायी. यकृतात घर करणाऱ्या चपट्या कृमीचं बालपण या गोगलगायींच्या पोटात जातं, तिथून तो पाण्याकाठच्या गवताला चिकटतो आणि गवताबरोबर मेंढीच्या पोटात जातो. शेळी मान वर करून पाला ओरबाडते म्हणून बऱ्यापैकी वाचते. मेंढी जमिनीला ओठ लावून चरते, ती सापडते.

"पण पौष संपू द्या," डॉक्टर म्हणाले, "मग फार्म स्वतःच चालत येतो. काठेवाड्यांचा."

काठेवाडी म्हणजे कच्छचे रबारी. विदर्भात कित्येक दशकं त्यांना याच नावाने ओळखतात, ते काठेवाडचे असोत की नसोत. दुष्काळ, आटत चाललेली चराई आणि कालव्याखाली गेलेली जमीन यामुळे त्यांचे कळप कच्छमधून निघाले आणि खानदेश, वऱ्हाड, नागपूर करत छत्तीसगडपर्यंत पोचले. परत जायचं म्हणून निघालेले कित्येकजण परत गेलेच नाहीत. लग्नकार्याला, देवाला कच्छला जातात. संसार मात्र उंटाच्या पाठीवर आणि तो उंट आमच्या नाहीतर शेजारच्या जिल्ह्यात.

काठेवाड्यांच्या डेऱ्यावर न्यायला डॉक्टरांनी अट घातली, की सातापेक्षा जास्त माणसं नकोत. भडक कपडे नकोत, अत्तरं नकोत, आणि कोकरू उचलून फोटो काढायची हौस असेल तर घरीच राहावं. गाभण मेंढ्या बुजल्या, पळाल्या, तर नुकसान त्यांचं होतं, आपला फक्त फोटो हलतो. म्हणून आम्ही सातजण: डॉक्टर, भाचा, मी, बँकेतली माझी एक मैत्रीण, प्राणिशास्त्र शिकणाऱ्या कॉलेजच्या दोन मुली आणि बोलेरो चालवणारे भाऊ. एरवी हाच गट थंडीत नवेगावबांधला पक्षी बघायला जातो. मेंढ्या बघायला जाणार म्हटल्यावर घरोघरी चेष्टा झाली.

माघाच्या थंडीत, अंधारातच गोंदिया सोडलं. गोरेगाव मागे पडलं तेव्हा उजाडत होतं. कोहमाऱ्याच्या चौकात नागपूर-रायपूर महामार्ग ओलांडायचा, तिथे आलूबोंडा आणि चहा झाला. महामार्ग ओलांडला की रस्त्याचा स्वभाव बदलतो. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला कापलेल्या बांध्या, मध्येच एखादी बोडी, मध्येच मोठा तलाव. हे तलाव कोहळी समाजाने बांधले, गोंड राजांच्या काळात. पुढे मालगुजारांकडे गेले, मग सरकारकडे, आणि सरकारी कागदांवर त्यांचं नाव 'माजी मालगुजारी' झालं. लोक दोन्ही शब्दांची आद्याक्षरं जोडून मामा तलाव म्हणतात. मला हे नाव आवडतं. तलावाशी नातं असल्यासारखं वाटतं.

डेरा नवेगावबांधच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून आत, एका अशाच तलावाच्या खालच्या बांध्यांमध्ये होता. गाडी लांब लावून धुऱ्याधुऱ्याने चालत गेलो. भाचा कुंपण शोधत होता. कुंपण नव्हतं, फाटक नव्हतं, पाटी नव्हती. तीनशे-चारशे मेंढ्या एका बांधीत दाटीवाटीने बसल्या होत्या, त्यांच्या अंगातून थंडीत वाफ निघत होती. कडेला थोड्या शेळ्या, सहा उंट आणि आमच्याकडे बघून फक्त एकदा भुंकून गप्प झालेले तीन कुत्रे. खाटा उभ्या करून त्यांच्या आडोशाला चुली पेटलेल्या. गोधड्यांची चळत खाटेवर नीट रचलेली आणि चळतीवर मोबाइल चार्ज करायचं हातभर सोलर पॅनल उन्हाची वाट बघत ठेवलेलं.

कळपाच्या मुखीने डॉक्टरांना ओळखलं. मागे कधीतरी पीपीआर या रोगाची साथ होती तेव्हा डॉक्टरांनी या डेऱ्याच्या मेंढ्यांना लस टोचली होती. मुखी साठीचा, पांढरं केडियं, पांढरं पागोटं, कानात सोनं. आम्ही हिंदीची तयारी करून गेलो होतो. तो बोलला चक्क आमच्यासारखं. "बसा जी. च्या घ्या आधी, मग पाहजा." त्याचा जन्म वर्धा जिल्ह्यातला होता. कच्छ त्याने वीस-बावीस वर्षांचा झाल्यावर पहिल्यांदा पाहिला.

चहा शेळीच्या दुधाचा, दाट आणि कडक. तो हातात असतानाच त्या दिवसातली सगळ्यात मोठी गडबड सुरू झाली. रात्री कोकरांना आयांपासून वेगळं, जाळीच्या आवारात ठेवलेलं असतं. सकाळी मोठ्या मेंढ्या उठल्या की जाळी उघडतात. पन्नास-साठ कोकरं एकदम सुटली आणि चारशे मेंढ्यांच्या पायात घुसली. प्रत्येक कोकरू ओरडतंय, प्रत्येक आई ओरडतेय, धूळ उडतेय. आपल्याला वाटतं आता हे संध्याकाळपर्यंत चालणार. पण पाच-सात मिनिटांत आवाज विरला. प्रत्येक कोकराला त्याची आई मिळाली होती आणि सगळ्या शेपट्या एका तालात हलत होत्या. प्राणिशास्त्रवाल्या मुलींनी पुस्तकात वाचलेलं सांगितलं: व्याल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत आई पिल्लाला चाटते तेव्हा त्याचा वास तिच्या डोक्यात पक्का बसतो, नंतर दुसऱ्या कुणाचं पिल्लू ती आचळाला लागू देत नाही. मुखीची सून हसली. तिच्या काखेत एक कोकरू होतं ज्याची आई दोन दिवसांपूर्वी गेली. दुसऱ्या एका मेंढीचं पिल्लू मेलं होतं. त्या मेलेल्या पिल्लाचं कातडं या पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधलेलं होतं. मेंढीने हुंगलं, जरा थांबली, पुन्हा हुंगलं आणि पाजायला उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, ही युक्ती स्कॉटलंडचे मेंढपाळही करतात. सुनेला स्कॉटलंड माहीत असण्याचं कारण नव्हतं. ती कोकराच्या पाठीवरची गाठ पुन्हा आवळत होती.

उन्हं वर आली तशी मेंढ्या चरायला निघाल्या. दोन तरुण पुढे-मागे, आम्ही सात बाजूला, धुऱ्यावरून. चालताना समजतं की कळप हाकलला जात नाही. पुढचा मुलगा नुसता चालतो, तोंडाने 'ट्रर्र' असा काहीसा आवाज काढतो, आणि कळप त्याच्यामागे जातो. मागच्याचं काम लंगड्यांना आणि नव्याने व्यालेल्यांना सांभाळायचं. माझ्या मैत्रिणीने विचारलं, यांना मोजता का रोज? तो म्हणाला, मोजत नाही, बघतो. एखादी नसली तर जागा मोकळी दिसते. बँकेत इतकी वर्षं काढलेल्या बाईला हे उत्तर पटलं नाही. तिने दुपारपर्यंत तीनदा मोजल्या आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला.

कापणी झालेल्या बांधीत वरवर पाहता काही नसतं. मेंढीच्या उंचीवर वाकून पाहिलं तर धानाच्या खुंटांमधून फुटलेले पोपटी कोंब, ओलीला धरून राहिलेलं बारीक गवत, सांडलेलं धान असं बरंच असतं. तलावाचं पाणी मागे सरकत जातं तसतशी काठाची गाळाची जमीन उघडी पडते, तिच्यावर लुसलुशीत हिरवं उगवतं. मेंढ्यांच्या पायापायात गायबगळे चालत होते, उडणाऱ्या किड्यांवर एक कोतवाल झडप घालत होता. म्हणजे आमच्या गटाचं पक्षीनिरीक्षणही थोडंफार झालं. दुपार तापली तशा मेंढ्या एका मोहाच्या झाडाखाली जमल्या, एकीने दुसरीच्या पोटाखाली डोकं घातलं, दुसरीने तिसरीच्या, आणि असं मुंडकी लपवून सगळा कळप रवंथ करत उभा राहिला. भाच्याला हे फार आवडलं. रोटोरुआच्या फार्मवर हे दाखवलं नव्हतं.

लोकरीचा विषय त्यानेच काढला. इथे कातरणी कधी असते? बघायला परत येईन. पुढच्या मुलाने खांदे उडवले. वर्षातून दोनदा कातरावी लागते, नाहीतर उवा-गोचिडी होतात आणि उन्हाळ्यात जनावर हाशहुश करतं. पण कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त. कुणी घेतली तर देतात, नाही घेतली तर तिथेच टाकतात. ही लोकर जाडीभरडी, सतरंजी-गालिच्याच्या कामाची. आणि आता त्या कामालाही फारशी लागत नाही. आपल्याकडची दख्खनी मेंढी त्याहून राठ, तिच्या लोकरीची घोंगडी. गडचिरोली-चंद्रपूरकडे कुरमार लोक स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी विणत आलेत. पण नवी घोंगडी विकत घेणारा माणूस आता कितीजणांच्या ओळखीचा आहे?

भाच्याच्या अंगात चांगला निळा स्वेटर होता. तो माझ्या बहिणीने गोंदियात, हिवाळ्यात बसणाऱ्या तिबेटी लोकांच्या दुकानातून घेतला होता. आम्ही उभे होतो तिथून काही कोसांवर, गोठणगावजवळ, तिबेटी निर्वासितांची नोरग्यिलिंग वसाहत आहे, १९७२ साली वसवलेली. तिथले लोक पावसाळ्यात धान लावतात आणि हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकायला जातात. माल लुधियान्याचा. लुधियान्याच्या गिरण्यांना लागणारी चांगली मऊ लोकर बरीचशी ऑस्ट्रेलियातून येते. म्हणजे अर्जुनी मोरगाव तालुक्यात मेंढ्यांची लोकर बांधीत टाकून देतात आणि त्याच तालुक्यातली माणसं मेंढीच्या लोकरीवर पोट भरतात, मात्र ती मेंढी वेगळ्या खंडातली. डॉक्टरांना यात विनोद दिसला. मला नुसती वाहतूक दिसली: जहाज, ट्रक, रेल्वे, आणि शेवटी पायी चालणारी ही माणसं.

मग हे लोक कशावर जगतात? नर कोकरं व्यापाऱ्याला विकून, हे झालंच. आणि लेंड्यांवर.

ते दुपारी कळलं, जेव्हा शेताचे मालक आले. सत्तरीचे गृहस्थ, धोतर, डोक्याला दुपट्टा. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, 'या जी' म्हटलं आणि थेट बांधीत उतरून बसले. हाताने माती बाजूला केली, लेंड्या किती दाट पडल्यात ते पाहिलं, मग कोपऱ्यात जाऊन तिथली माती पाहिली. "हा कोना सुटला," ते मुखीला म्हणाले. मुखी म्हणाला, आज रात्री सरकवतो. कळप रात्रभर एकाच जागी बसला तर तिथे खताचा थर होतो आणि बाकी बांधी कोरडी राहते. म्हणून मध्यरात्री उठून सगळ्या मेंढ्या उठवायच्या आणि पुढच्या जागेवर बसवायच्या. थंडीत, कंदील नाहीतर बॅटरी घेऊन. शेतकरी पैसे देतो ते या उठण्याचे.

आकडे डॉक्टरांनी सांगितले. साध्या शेणखतात नत्र अर्धा टक्का, मेंढी-शेळीच्या खतात तीन टक्के. शिवाय मूत्र जमिनीतच मुरतं, उकिरड्यावर वाया जात नाही. खत वाहून न्यायला बैलगाडी नको, ट्रॅक्टर नको, पसरायला मजूर नको. ज्याच्याकडे गुरं उरली नाहीत, आणि ट्रॅक्टर आल्यापासून बैल बहुतेकांकडे उरले नाहीत, त्याला हे फार मोलाचं. पूर्वी मोबदला धानात मिळायचा, आता बहुतेक रोखीत. आमच्यासमोर जो सौदा झाला तो अर्धा रोख, अर्धा तांदूळ, आणि एक सुकी लाकडाची मोळी. मोळीवरून दोघे पंधरा मिनिटं भांडले. मग एकत्र चहा प्यायले.

खरं भांडण वेगळंच होतं. पलीकडच्या बांध्यांमध्ये लाखोरी होती. आमच्याकडे धान उभं असतानाच, कापणीच्या आधी, ओलीवर लाखोरी, जवस किंवा हरभरा फेकून देतात. त्याला उतेरा म्हणतात. धान कापलं की खाली हे पीक आयतं उगवलेलं असतं. मेंढीला लाखोरीसारखं दुसरं काही आवडत नाही. आदल्या आठवड्यात काही मेंढ्या रात्री तिकडे घुसल्या होत्या आणि त्या शेताचा तरुण मालक दंडाची रक्कम मागत होता. म्हाताऱ्या मालकांनी मध्यस्थी केली. "पोराच्या बापाच्या वक्ती यांच्याच मेंढ्या बसवल्या त्या वावरात," ते म्हणाले, "तवा कोणी मोजत नव्हतं चार झाडं खाल्ली का पाच." तरुण म्हणाला, "तवा लाखोरीला भाव नव्हता काका." दोघांचंही बरोबर होतं. शेवटी दंड अर्ध्यावर आला आणि आणखी एक रात्र त्याच्याही बांधीत कळप बसवायचं ठरलं.

जेवायला आम्ही डब्यात पोळ्या, वांग्याची भाजी आणि ठेचा नेला होता. डेऱ्यातून बाजरीचे जाड रोटले आणि ताक आलं. म्हाताऱ्या आजीने, काळी लोकरीची ओढणी, हातावर गोंदणाचे ठिपके मनगटापासून कोपरापर्यंत, कॉलेजच्या मुलींना आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि त्यांच्या मोकळ्या मनगटांकडे बघून हळहळ व्यक्त केली. तिने उंटाची गोष्ट सांगितली. पार्वतीने खेळता खेळता मातीचा एक विचित्र प्राणी केला, शंकराला म्हणाली यात जीव घाल. जीव घातला तर तो प्राणी सैरावैरा धावू लागला. मग त्याला राखायला शंकराने एक माणूस केला, तो पहिला रबारी. "आधी उंट, मग आम्ही," ती म्हणाली. मेंढ्या गोष्टीत नव्हत्याच. त्या पोटासाठी नंतर आल्या.

उंट हल्ली धोक्याचा झाला आहे. २०२२ च्या जानेवारीत अमरावती जिल्ह्यात रबाऱ्यांचे ५८ उंट कत्तलीला नेत असल्याच्या तक्रारीवरून अडवले गेले. रबारी सांगत राहिले की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या असेच फिरतो. उंट परत मिळायला न्यायालयाचा आदेश लागला. तेव्हापासून या मुखीने प्लॅस्टिकच्या पिशवीत एक फाइल बाळगली आहे. आधार कार्डं, लसीकरणाची कागदं, कुठल्याशा सरपंचाचा दाखला, सगळ्याच्या झेरॉक्स. ती फाइल त्याने आम्हाला न मागता दाखवली, आणि ते मला बरं वाटलं नाही. पाहुण्यांना फाइल दाखवायची सवय माणसाला उगाच लागत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, की २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केलेला आहे. मुखीने विचारलं, अर्ज कुठल्या गावच्या ग्रामसभेत करायचा? आम्ही तर पन्नास गावांत राहतो. डॉक्टर गप्प बसले. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय, सगळ्या जगासाठी. त्याने मान हलवली, विचार केला. "त्याचा कागद भेटते का?"

जंगलाकडे ते जात नाहीत, निदान आम्हाला तसं सांगितलं. नवेगावचं राष्ट्रीय उद्यान १९७५ चं, आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे मेंढ्या घेऊन शिरणं म्हणजे केस. पण बिबट्याला केस लागत नाही. तो इकडे येतो. महिन्याभरात दोन मेंढ्या नेल्या होत्या. नुकसानभरपाईसाठी पंचनामा हवा, पंचनाम्यासाठी त्याच जागी थांबायला हवं, आणि थांबावं तर चारा संपतो. हे मुखीने कुठलाही त्रागा न करता सांगितलं.

डॉक्टरांनी जाण्यापूर्वी खुरं तपासली, एका कोकराच्या मोडलेल्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या, आणि जंताचं औषध पावसाआधी द्यायला बजावलं. पावसाआधी हे कुठे असतील? मुखी म्हणाला, मृग लागायच्या आत उंच, मुरमाड जमिनीवर पोचलं पाहिजे, वऱ्हाडाच्या बाजूला. इथे रोवणी सुरू झाली की आमची जागा संपली.

आम्ही निघालो तेव्हा मुखी आमच्यासोबत गाडीत बसला. दोन दिवसांनी डेरा हलणार होता आणि पुढची बांधी अजून ठरली नव्हती. एरवी तो पायी किंवा कुणाच्या मोटरसायकलवर जातो, चारा बघतो, मालकाशी बोलून ठेवतो, मग मागून बायका उंटांवर संसार लादून आणि पुरुष मेंढ्या घेऊन येतात. आमचा रस्ता उलट दिशेचा होता, पण भाऊ म्हणाले, दहा-बारा किलोमीटरने काय होते, सोडून देऊ. अर्जुनीच्या वाटेवर एका गावात तो उतरला. ओट्यावर धान सडायला बसलेल्या बाईंनी त्याला ओळखलं, घरात हाक मारली. चाळिशीचा मालक बाहेर आला.

"राम राम पटील. औंदा बसवाचं का जी?"

"अबे, औंदा कसं बसवशीन? उन्हाळी लावली सगळ्यायनं."

रस्त्याच्या पलीकडे बघितलं तर खरंच. इटियाडोह धरणाचं पाणी नहराला सुटलं होतं आणि जिथवर नहर पोचतो तिथवर बांध्या पुन्हा भरल्या होत्या. काही ठिकाणी चिखल झालेला, काही ठिकाणी बायका वाकून पऱ्हे लावत होत्या. वर्षात दोन पिकं म्हणजे शेतकऱ्याच्या हातात दुप्पट पैसा, आणि त्याबद्दल कुणाला काही म्हणायचा अधिकार नाही. दोन पिकांच्या मधली जी चार-पाच महिन्यांची रिकामी जमीन होती, ती मात्र आता नहराच्या काठाने नाहीशी होत चालली आहे. भाच्याने मला हळूच विचारलं, की मग लेंडीखत? डॉक्टर म्हणाले, युरिया.

मुखीने फार वेळ घालवला नाही. नहर कुठवर गेलाय ते विचारलं, शेवटच्या फाट्याच्या पुढे कोणाच्या बांध्या आहेत ते विचारलं, दोन नावं आणि एक मोबाइल नंबर घेतला. मालकाने चहा विचारला, तो नको म्हणाला. वडशाकडे जाणारी शेवटची बस कितीला, हे त्याने भाऊंना विचारलं. भाऊंना माहीत नव्हतं. ओट्यावरच्या बाईंनी सांगितलं, सहाला. पावणेसहा झाले होते. त्याने आम्हाला हात जोडले, पागोटं नीट केलं आणि फाट्याच्या दिशेने भराभर चालायला लागला.